शेवटून वाचणाऱ्या बाई

चिनी भाषेतला कुठलाही लेख बाई शेवटून वाचायला घ्यायच्या. लेखाखाली लोकांनी टाकलेल्या प्रतिक्रिया आधी, मग लेख, आणि मथळा सगळ्यात शेवटी. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "बाई, हा काय प्रकार?" स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "वरच्याला लिहायचा पगार मिळतो. खालच्याला कोणी लिही म्हणून सांगितलेलं नसतं, तरी तो लिहितो. आधी त्याचं ऐकावं." मी पडलो पुण्याचा, त्यातून इंजिनिअर. मला हे जरा नाटकीच वाटलं. दोन महिन्यांत मीही, मशीनच्या भाषांतरात का होईना, गुपचूप तसंच करायला लागलो.

आमचं युनिट म्हणजे सिडनीतल्या एका युनिव्हर्सिटीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. चीनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता कशी घडतेय आणि त्यापायी तिथल्या साध्या माणसांचं काय होतंय, हे चिनी भाषेतलंच वाचायचं आणि आठवड्याला एक इंग्रजी पत्रक काढायचं, एवढं काम. वाचायच्या बाई. तक्ते, वेबसाइट आणि पत्रकावरचा शेवटचा हात माझा. आमचा बॉस कॅनबेराला बसायचा आणि कशालाही "नो वरीज" म्हणायचा.

बाई साठीच्या पुढच्या. पुण्याच्या एका कारखान्यात चिनी मशिनं यायची, ती बसवायला येणाऱ्या लोकांशी बोलण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. मुलगा निनाद इकडे स्थायिक झाला म्हणून सिडनीच्या पश्चिमेला गिरावीनला आल्या. नातींना सांभाळतील अशी घरच्यांची समजूत, तर बाईंनी तीन महिन्यांत नोकरी शोधली. "मी मराठीत विचारते, त्या इंग्रजीत उत्तर देतात. त्यापेक्षा चिनी लोक बरे, चिनीत विचारलं तर चिनीत भांडतात तरी." टेबलावर बिनदुधाच्या चहाचा थर्मास आणि मेथीच्या खाकऱ्यांचा डबा. तो डबा माझ्याकडे सरकवणं म्हणजे त्या खूश असणं. रागावल्या की झाकण लावून ठेवायच्या.

भाषांतर मशीन दोन सेकंदांत करतं, हे मी त्यांना चिडवायला म्हणायचो. त्या मशीन वापरायच्याही, उगाच सोवळं नव्हतं. पण म्हणायच्या, "यात मंत्री आणि डिलिव्हरीवाला एकाच सुरात बोलतात रे. या माणसाला रडू येतंय, ते कुठंय इथे?" मग वहीत ते सगळं स्वतः मराठीत उतरवायच्या. ज्यांचं नेहमी वाचायच्या त्यांना नावं ठेवलेली. ॲपने पोचवायचा वेळ कमी केला म्हणून सिग्नल तोडणारा तो 'धावरा'. मुलाच्या शाळेतल्या कॅमेऱ्यांवर तक्रार करणारी 'तंटेवाली'. त्यांच्या खऱ्या खात्यांची नावं वहीत कधी यायची नाहीत.

पत्रकातही तोच नियम. सरकारी कागद, कंपन्या, मोठी वर्तमानपत्रं यांची लिंक द्यायची. साध्या माणसाची द्यायची नाही. 'एक कामगार', 'एक आई', बास. बॉसला हे पटत नसे, त्याला प्रत्येक वाक्याखाली पुरावा हवा असे. बाई त्याला म्हणायच्या, "पुरावा मी आहे. मला विचार."

त्यांची सगळ्यात लाडकी होती 'चौकोनवाली'. लहानशा गावातल्या ऑफिसात बसून फोटोंतल्या चेहऱ्यांभोवती चौकोन काढणं ही तिची नोकरी. माणसाने असे लाखो चौकोन काढून दिल्यावर मशीन चेहरे ओळखायला शिकतं. करोना आला आणि तिच्यापुढे मास्क घातलेली माणसं यायला लागली. आम्हीही तेव्हा घरून काम करायला लागलो होतो. सकाळच्या व्हिडिओ कॉलवर बाई आधी तिचं वाचून दाखवायच्या. एकदा तिने लिहिलं होतं, "दिवसभर नुसत्या डोळ्यांभोवती चौकोन काढले. संध्याकाळी भाजी घ्यायला गेले, तर सगळ्यांच्या डोळ्यांभोवती चौकोन दिसायला लागले." हे ऐकलं त्या दिवशी मी घराजवळच, हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानात गेलो. दाराशी करोनाच्या नोंदीचा कोड स्कॅन केला, आत मास्कवाल्यांची रांग होती. मला मान वर करवेना. पोहे न घेताच परत आलो.

पुढच्या वर्षी एका सकाळी बाईंनी कॉलवर येताच, चहाही न ओतता, चौकोनवालीचं पान उघडलं. मग वाचलं. चौकोनवालीचा भाऊ चार वर्षांपूर्वी घरी भांडून निघून गेला होता. कुठल्या शहरात आहे, आहे की नाही, काही कळलं नव्हतं. आदल्या दिवशी तो तिच्या स्क्रीनवर आला. कुठल्याशा फाटकापाशी रांगेत उभा, तोंडावर मास्क, पण भुवईतली भाजल्याची खूण तीच. फोटो कुठला हे विचारायला परवानगी नाही. फोटोतलं काही बाहेर बोलायचं नाही असं सही करून दिलेलं. "मी चौकोन काढला, 'पुरुष, मास्क आहे' असं लिहिलं आणि पुढचा फोटो उघडला. आईला सांगितलं नाही," असा शेवट होता. बाईंनी चष्मा काढला आणि पदराने डोळे पुसले.

बाईंनी पत्रकात चार ओळी दिल्या, 'एक कामगार' म्हणून. गुरुवारी पत्रक लावत असताना बॉसचा मेसेज आला: ही गोष्ट जबरदस्त आहे, सोर्स टाकाल का? बाईंना फोन करायला हवा होता. केला असता तर त्यांनी नाहीच म्हटलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच केला नाही. बाईंनी कॉलवर दाखवलेलं चौकोनवालीचं पान माझ्यासमोर उघडंच होतं. मी लिंक चिकटवली. बिनपुराव्याचं वाक्य पाठवायचं नाही, ही माझी कामातली शिस्त, आणि तिचा मला गर्व होता. बॉस म्हणाला, "लव्हली, मेट."

आठवड्याभरात ती गोष्ट इंग्रजीत तीनचार ठिकाणी फिरली, आमच्या लिंकसकट. नंतरच्या मंगळवारी बाईंनी चौकोनवालीचं पान उघडलं तर ते नव्हतं. हा वापरकर्ता अस्तित्वात नाही, एवढीच ओळ. तिने स्वतः पुसलं असेल, नोकरी गेली असेल, की आणखी काही झालं असेल, कळायला मार्ग नव्हता. बाई म्हणाल्या, "लिंक दिली गेली आपल्याकडून. मोठी चूक झाली." कोणी दिली, हे विचारलं नाही. मला वाटलं, बॉसने दिली असं त्या धरून चालल्यात. मी तसंच वाटू दिलं.

त्यानंतर रोज सकाळी कॉल सुरू झाला की बाई आधी ते पान उघडायच्या. स्क्रीन शेअर करून. मीही बघायचो. तीच ओळ. बाई 'हं' म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. कधी वाटायचं, आज सांगून टाकावं. पण ऐनवेळी कच खायचो. जूनमध्ये, इकडच्या हिवाळ्यात, सिडनी पुन्हा बंद झाली, पश्चिमेकडच्या आम्हा लोकांना तर जास्तच कडक. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही, आणि गिरावीन त्याच्या बाहेर. डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं. मी मनाशी ठरवलं, हे उठलं की जायचं, समोर बसून सांगायचं. खरं तर लॉकडाउनची मला सोयच झाली होती.

ऑगस्टमध्ये निनादचा फोन आला. घरात सगळे पॉझिटिव्ह, आईला हॉस्पिटलात हलवलंय. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनीच व्हिडिओ कॉल लावला. नाकाला ऑक्सिजनची नळी, केस विस्कटलेले. मला म्हणाल्या, "पत्रक निघालं का?" मी म्हटलं, "बाई, ती लिंक मी दिली होती."

त्या दम खात थांबल्या. मग म्हणाल्या, "माहीत आहे. छापलं त्याच दिवशी कळलं. शेवटचा हात तुझाच असतो ना."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून. रोज पान उघडायचे, म्हटलं आज सांगेल."

मी रडायला लागलो. त्यांनी मला रडू दिलं, समजूत काढली नाही. नर्स आत आली तसं घाईने म्हणाल्या, "मला सांगितलंस, बरं केलंस. पण मला सांगून काय उपयोग? तिला सांग."

"तिला कसं सांगू, बाई? ती कुठे आहे तेच..."

"ते तू बघ," म्हणाल्या, आणि फोन नर्सने घेतला.

पाचव्या दिवशी बाई गेल्या. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. मी हॅरिस पार्कच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपपुढे आंघोळ करून, पांढरा सदरा घालून बसलो. कॅमेरा कुठेतरी वर लावलेला. त्यातून बाई दिसल्याच नाहीत, निनादची पाठ तेवढी दिसत होती.

नंतर मी युनिव्हर्सिटीच्या वर्गात नाव घालून चिनी शिकलो. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, धापा टाकत. आता वाचता येतं बऱ्यापैकी, लिहायला तासन् तास लागतात. चौकोनवालीला मी एक पत्र लिहिलंय. त्यात भाषांतरवालं मशीन वापरलं नाही. लिंक मी दिली, का दिली, आणि नंतर गप्प बसलो, एवढंच आहे त्यात. दर मंगळवारी ते तिच्या जुन्या खात्यावर पाठवतो. ते पोचत नाही, लगेच तशी सूचना येते. आणि खरं सांगतो, ती सूचना दिसली की मला हायसं वाटतं.