अर्धं ओलं गवत

डिसेंबरचा पहिला शनिवार, नेदरलँड्समधलं लायडन, एक व्याख्यान, प्रवेश साडेसात युरो, श्रोते माझ्यासह एकोणीस. एवढं सगळं टिपलं, तरी एक गोष्ट नोंदीत मावली नाही: अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासल्याचा कोरडा आवाज, माइकमुळे सभागृहभर पसरलेला.

तो आवाज करणारी बाई ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडची आदिवासी वनरक्षक होती. पगारी नोकरी म्हणून ती आपल्याच पूर्वजांची जमीन राखते. गवत अर्धं ओलं असतानाच तिथे लहान लहान आगी लावतात, म्हणजे पुढे कडक उन्हात मोठा वणवा पेटत नाही. "आगीनं माणसाच्या चालीनं चालावं," ती म्हणाली, "सरड्याला निघून जाता आलं पाहिजे." दिवस कसा ठरवता, असं कुणीतरी विचारलं. तिने हातात नसलेली एक काडी बोटांत चुरून दाखवली. आजीने शिकवलं होतं म्हणे.

माझे बाबा अगदी असंच करत. रत्नागिरीकडच्या आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, काजूच्या बागेभोवती, पौषातल्या दंवात ते गवताचा पट्टा जाळत, वणवा आत शिरू नये म्हणून. आधी राखणदाराला, म्हणजे त्या जमिनीच्या अदृश्य रक्षकाला, गाऱ्हाणं, नाव-गाव सांगून केलेलं मागणं. नारळाचा अर्धा भाग त्याला, अर्धा तिथे हजर असलेल्या सगळ्यांना. पण त्याआधी कित्येक सकाळी नुसती काडी चुरायची आणि म्हणायचं, "आज नको." मोजायची टेप धरायला मी असे. पट्टा पंधरा फूट, गडी तीन, हे आजही पाठ आहे. बोटांना काय कळत होतं, ते मात्र मी कधी विचारलं नाही. मोजता येतं तेवढंच खरं मानून माणूस केवढं हातचं घालवतो!

कॉफीच्या वेळी तिने मला विचारलं, "तुझी जमीन कोणती?" मी राहतो ते आल्मेरे सांगितलं; समुद्र हटवून काढलेली, माझ्याहून पाचच वर्षांनी मोठी.

"पोरच आहे की," ती हसली. "तिच्याशी बोलतं कोण?"



बाबांमागे पट्टा जाळणं थांबलं आणि गेल्या उन्हाळ्यात वणव्याने काजूची बेचाळीस झाडं खाल्ली. बाग आता चुलतभाऊ सुहास बघतो. "दादा, काका नक्की कधी जाळायचे रे?" तो महिनाभर विचारत होता आणि मी त्याला फूट आणि गडी कळवत होतो. त्या संध्याकाळी म्हणालो, "ते राहू दे. गवत चुरून बघ."

"किती ओलं हवं?"

मी फोनजवळ अंगठा आणि तर्जनी घासून आवाज ऐकवला.

"तूच ये की मग. गवत काय फोनवर कळतं?"

माझी रजा उरली नव्हती. "रोज जाऊन बघ," मी म्हणालो.

"वा! दादा परदेशात शिकला काय, तर गवत कुस्करायला."

पण पौष लागला तसा तो गेला. अकरा सकाळी "आज नको" असा निरोप आला. बाराव्या सकाळी आला, "लावतोय."

मी इकडे आल्मेरेत घरामागच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. वाकून तिथल्या गवताची काडी तोडली, बोटांत चुरली. हिरवी, चिंब, आवाज झालाच नाही. मग माझं नाव सांगितलं, बाबांचं, गावाचं, गाऱ्हाण्यात सांगतात तसं. पुढे काय मागायचं, ते आठवेना.

दुपारी सुहासचा फोन आला. आग माणसाच्या चालीनं चालली, बाग वाचली. नारळ एक: अर्धा राखणदाराला, अर्धा हजर होते त्या चौघांना. पाचवा वाटा नव्हता.