यजमान बदलला, टॉवेल राहिला

टॉवेलच्या कारखान्यात रुई उडतच असते. आज कोपरा झाडा, उद्या तेवढीच साचलेली! किश्शांचंही तसंच. सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या कारखान्यात मी वीस वर्षं पॅकिंग बघते, पण एका फुटबॉल स्पर्धेच्या ऑर्डरनं जेवढे किस्से दिले तेवढे बाकी सगळ्या वर्षांनी मिळून दिले नसतील. तेव्हा आमचे डिझाइन मास्तर कामावर होते. आता ते रिटायर झालेत, आणि खरं सांगते, दुपारचा डबा पहिल्यासारखा गोड लागत नाही.

*

स्पर्धा आंतरराष्ट्रीय, आणि खेळाडूंचे टॉवेल सोलापूरचे! फुटबॉल मात्र आमच्यात कुणी धड पाहिलेला नव्हता. आमच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी पहिला प्रश्न मला विचारला, "एका टीमला किती लागतात?"

"अकरा."

"अकरा? डझनात बसत न्हाय की! त्यास्नी म्हणावं, अजून एक घ्या खेळायला!"

*

मास्तर विणकर घरातले. घरी तेलुगू, कारखान्यात सोलापुरी मराठी. टॉवेलवर विणून येणारं प्रत्येक फूल, प्रत्येक अक्षर आधी त्यांच्या चौकटीच्या कागदावर उतरायचं. चाळीस वर्षं त्यांचे टॉवेल परदेशी गेले, पण ते वापरतं कोण, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दिवाळीला रिटायर व्हायचं होतं. त्याआधी एकच इच्छा होती. आपला टॉवेल एकदा टीव्हीवर, जिंकलेल्या कॅप्टनच्या गळ्यात बघायचा.

म्हणून ते रोज मोबाईलवर यजमान देशातलं स्टेडियम कुठवर आलं ते बघायचे. एक दिवस माझ्यासमोर फोन धरला.

"अक्का, हे बगा. म्हैन्यावर खेळ आला आणि छत न्हाय! आपल्या शेडवर निदान पत्रा तरी हाय!"

*

व्हायचं तेच झालं. स्टेडियम अपुरं, वर पदाधिकाऱ्यांनी पैसे खाल्ल्याचा बोभाटा, दोन टीम रुसून बसलेल्या. स्पर्धा त्या देशाकडून काढून दुसऱ्याला दिली. देशाचं नाव मी सांगत नाही, बिचाऱ्यांचं आधीच पुष्कळ हसं झालंय. पण आमच्या टॉवेलवर ते नाव हे एवढ्या मोठ्या अक्षरांत होतं!

अण्णा धावत आले. "मास्तर, नाव तेवढं काढून टाका की!"

"अण्णा, छापलेलं न्हाय, विणलेलं हाय. नाव काढलं तर टॉवेलला खिडकी पडंल!"

रंगखात्यातले रशीदभाई दारातून ओरडले, "मुलुख बदल्या, तो रंग बी बदलनेका क्या?" अण्णांनी डोक्याला हात लावला.

*

दुसऱ्या देशाचं नाव विणून झालं, आणि त्यानं आपणहून माघार घेतली! तिसऱ्या वेळी मास्तरांनी कुणालाच विचारलं नाही. नावच गाळलं आणि नुसता एक बॉल विणला.

"आता खेळ चंद्रावर न्या म्हणावं!"

*

त्या दोन नावांचा उरलेला माल नवी पेठेतल्या दुकानांत गेला, आणि लग्नसराईत तोच टॉवेल-टोपीच्या आहेरात सगळीकडे निघाला. सांगोल्याकडे जाताना आमची एसटी मेंढरांसाठी थांबली. राखणाऱ्या आजोबांच्या डोक्याला आमचाच टॉवेल, पहिल्या देशाचं नाव बरोबर कपाळावर!

मी खिडकीतून विचारलं, "आजोबा, हे कुणाचं नाव हाय, ठाऊक हाय का?"

"नवरीच्या मामाचं गाव असंल की!"

*

यजमान बदलण्याच्या घोळात स्पर्धा लांबत गेली. अंतिम सामना आला तो थेट मास्तरांच्या शेवटच्या आठवड्यात. आपल्याकडे दुपार होती. अण्णांनी चक्क माग बंद ठेवले आणि ऑफिसातला टीव्ही शेडमध्ये आणून लावला. मास्तरांना पुढची खुर्ची. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

शेवटच्या मिनिटाला पंचानं यजमानांना पेनल्टी दिली. आम्हाला खेळातलं काही कळत नव्हतं, तरी ती खोटी आहे एवढं आम्हालाही कळलं! गोल झाला. यजमान जिंकले. कॅमेरा कॅप्टनवर गेला, आणि त्याच्या गळ्यात झेंडा. टॉवेल कुठेच नाही. अण्णांना मास्तरांकडे बघवेना. मला तर रडूच आलं.

तेवढ्यात चित्र बदललं. हरलेला गोलकीपर खांबाशी बसला होता. तोंड टॉवेलात खुपसलेलं, खांदे गदगदत होते. आणि टॉवेलावर बॉल. आमचा! कॅमेरा तिथून हलेना.

मास्तर उठले, टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि त्या पोराला हलक्या आवाजात म्हणाले, "नवा टॉवेल हाय, राजा. पहिल्यांदा पाणी धरत न्हाय. जरा दाबून पूस."