सहा पाहुण्या आणि एक हळदीकुंकू

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाची जपानमधल्या एका मंडळाशी मैत्री आहे, हे ऐकल्यावर लोक आधी हसतात आणि मग विचारतात, महापालिकेने जुळवून दिलं का? महापालिकेचा यात काही संबंध नाही. दोन शहरांचे मैत्रीचे करार होतात, शिष्टमंडळं येतात-जातात, ते निराळं. आमच्यात करार नाही आणि आमचं शिष्टमंडळ म्हणजे गुडघे दुखणाऱ्या पाच बायका.

सुरुवात माझ्या नोकरीमुळे झाली. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात प्रशासन बघते. तिथे नवीन मशीनं बसवायला एक जपानी इंजिनियर वर्षभरासाठी आला. त्याला माजिवड्याला जागा बघून देणं, गॅस, इंटरनेट, कामाला बाई, सगळं माझ्याकडे होतं. मधे त्याची आई त्याच्याकडे राहायला आली. मुलगा दिवसभर कारखान्यात, ही घरात एकटी. एका शनिवारी मी तिला आमच्या मंडळात घेऊन आले. त्या दिवशी पापड लाटणं चाललं होतं. बाई खाली बसल्या, शेजारणीचं लाटणं दोन मिनिटं बघितलं आणि लाटायला लागल्या. सत्तरीच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या. दुपारपर्यंत सगळ्या त्यांना मावशी म्हणू लागल्या.

मावशी परत गेल्या आणि त्यांनी तिथल्या मंडळात आमच्याबद्दल सांगितलं. त्यांचं गाव समुद्रकाठी, छोटं, तरुण माणसं शहरात निघून गेलेली. त्यांनी आम्हाला बोलावलं. तिकीट आपलं, राहणं त्यांच्या घरी. आम्ही पाचजणी गेलो. माझ्या शेजारच्या वहिनी मावशींच्या घरी राहिल्या, तिथल्या मंडळाच्या कार्यक्रमांत त्यांच्याच शेजारी बसल्या.

या वहिनींबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या दोघींची दारं समोरासमोर. त्या माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, बँकेत नोकरी करतात. मिस्टर गेले तेव्हापासून घरात त्या आणि सासूबाई, दोघीच. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, अजून स्वतःचं जेवण स्वतः वाढून घेणाऱ्या. दोघींचं चांगलं जमतं, म्हणजे भांडणाची वेळ आली की दोघी टीव्ही लावतात.

मिस्टर गेल्यानंतर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनी हॉलमध्ये बसत नसत. हॉलला लागून छोटं स्वयंपाकघर आहे, तिथे मसाला दूध त्यांच्याकडे असे. त्यांना तिथे जा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. त्या आपण होऊन गेल्या आणि बाहेर या असंही कुणी म्हटलं नाही. दूध चांगलं होत होतं, कार्यक्रम वेळेवर संपत होता. सासूबाईही गेली तीस वर्षं विधवा. त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसत, तिळगूळ घेत आणि घरी जात.

जपानच्या बायका आमच्याकडे येणार ठरलं तेव्हा आम्हीच जानेवारी सुचवला. हवा बरी असते. आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, संक्रांतही मिळेल. आपली संस्कृती दाखवायची तर हळदीकुंकूच करू. सगळ्यांना पटलं. मलाही. सहाही पाहुण्यांसाठी त्यांनी हलव्याचे दागिने सांगून टाकले. मी म्हटलं, अहो, ते नव्या सुनेला नाही तर बाळाला घालतात, या सगळ्या साठी-सत्तरीच्या आहेत. त्यावर त्यांचं म्हणणं, त्यांना कुठे माहितीय, फोटो छान येतील.

पाहुण्या आल्या. प्रत्येकीला एकेक घर दिलं होतं. मावशी अर्थातच वहिनींकडे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉलमध्ये चहा आणि ओळख. त्यांच्या गटप्रमुख म्हणजे निवृत्त शिक्षिका, त्या एकेकीचं बोलणं इंग्रजीत सांगत होत्या. पहिली म्हणाली, माझं लग्न झालेलं नाही, घरी दोन मांजरं आहेत. टाळ्या. दुसरीचा घटस्फोट झालेला, आता ती हॉटेलसाठी लोणची घालते. पुन्हा टाळ्या, जरा कमी. तिसरीच्या नवऱ्याची संत्र्यांची बाग. चौथ्या मावशी, त्यांचे मिस्टर पंधरा वर्षांपूर्वी गेले. पाचवीचेही गेलेले. गटप्रमुख बाईंनी स्वतःचं शेवटी सांगितलं, त्याही अविवाहित. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बघितलं. आमच्या हिशेबाने सहा पाहुण्यांत एकच सवाष्ण होती, संत्रीवाली.

हे आधी कुणाच्या डोक्यात का आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. हॉल, वाण, गजरे, दुधाचे ग्लास, सगळं ठरलं होतं. कुंकू कुणाला लावायचं, एवढंच राहिलं होतं.

चहा झाल्यावर अध्यक्षबाईंच्या घरी तातडीची बैठक. एक म्हणाली, हळदीकुंकू रद्द करून नुसता तिळगूळ समारंभ म्हणू. दुसरी म्हणाली, हलव्याचे दागिने आलेत, आता रद्द कसं करायचं. शेवटी अध्यक्षबाईंनी निकाल दिला की पाहुण्यांना हे नियम लागू नाहीत, सहाही जणींना लावायचं. सगळ्यांना हायसं वाटलं. चिवड्याची बशी फिरली.

वहिनी हॉलची किल्ली द्यायला आल्या होत्या, त्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आणि माझ्या पाहुणीच्या शेजारी कोण बसणार?"

आम्हीच ठरवलं होतं की प्रत्येक पाहुणीच्या शेजारी तिची यजमानीण बसेल. पदर कसा धरायचा, ओटी कशी घ्यायची, हे दाखवायला.

"तुम्हीच बसा की वहिनी," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुम्हाला तिळगूळ देऊ. तिळगूळ काय, सगळ्यांनाच असतो."

"म्हणजे मावशींना कुंकू लावायचं, मला ओलांडायचं आणि पलीकडच्या बाईला लावायचं."

"अहो, तसं नाही हो."

"तसंच आहे. मी भांडत नाहीये. नीट समजून घेतेय."

अध्यक्षबाई वाईट नाहीत. मंडळातल्या कुणाच्या घरी आजारपण आलं की पहिला डबा त्यांचा जातो. त्यांनी चिवड्याची बशी वहिनींपुढे केली. एकीने सुचवलं की मावशींना दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसवता येईल. वहिनींनी तिच्याकडे नुसतं बघितलं, उद्या सांगते म्हणाल्या आणि किल्ली ठेवून निघाल्या. मीही उठले.

जिन्यात त्या थांबल्या. मला वाटलं मंडळावर चिडल्या असतील. त्या म्हणाल्या, "मंडळाचं जाऊ दे गं. मला बसायचंय. दूध घोटून कंटाळा आलाय मला. पण आई समोर खुर्चीत असणार. मी कपाळावर कुंकू घेऊन त्यांच्यासमोर बसले तर त्यांना काय वाटेल, त्यांचा मुलगा गेलाय."

मी म्हटलं, विचारा त्यांना. दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतं. मंडळ आठवड्यातून एकदा भेटतं, सासूबाई चोवीस तास घरात. उद्या बसल्यामुळे घरातलं बोलणं बंद पडलं तर वहिनींनी बोलायचं कुणाशी?

सकाळी ऑफिसला निघाले तर त्यांनी मला आत बोलावलं. मावशी टेबलापाशी पोहे खात होत्या. सासूबाई खिडकीशी पेपर वाचत होत्या, निदान पेपर तोंडासमोर धरला होता. वहिनींनी रात्रीच विचारलं होतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा मागितला. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

घरात काहीतरी चाललंय हे मावशींनी ओळखलं होतं. त्यांनी फोनवर भाषांतराचं ते ॲप उघडून वहिनींपुढे धरलं. वहिनींनी गोल गोल न सांगता सरळ सांगितलं, नवरा गेलेल्या बाईला आमच्याकडे कुंकू लावत नाहीत, पण तुम्हाला लावणार आहेत, कारण तुम्ही पाहुण्या. मावशींनी ते वाचलं. फोन बाजूला ठेवून पोहे संपवले, बशी धुऊन आल्या, मग उत्तर लिहिलं. त्यांना कुंकू नको होतं, त्या वहिनींबरोबर दूध करायला येणार होत्या. वहिनींनी मान हलवली, तुम्ही एवढ्या लांबून दूध घोटायला आला नाहीत. मावशींनी पुन्हा लिहिलं आणि ॲपने त्याच्या सपाट आवाजात मराठीत वाचून दाखवलं:

"तू माझ्या गावी आलीस तेव्हा माझ्या शेजारी बसली होतीस."

सासूबाईंनी पेपरचं पान उलटलं. मला उशीर होत होता, मी निघाले.

शनिवारी हळदीकुंकू. कार्यवाह म्हणून करंडा माझ्या हातात. दूध अध्यक्षबाईंच्या जावेवर सोपवलं होतं, ते किंचित लागलं. पाहुण्यांना आम्ही साड्या नेसवल्या होत्या आणि वरून ते हलव्याचे दागिने. मांजरंवाल्या बाई त्यातला एकेक दाणा काढून खात होत्या. वहिनी मावशींना घेऊन आल्या आणि त्यांच्याबरोबर रांगेत बसल्या. साडी नेहमीचीच, बँकेत नेसतात ती मोरपिशी. सासूबाई दाराजवळ खुर्चीवर होत्या.

मी रांगेने येत होते. मावशींना हळद लावली, कुंकू लावलं, अत्तर, ओटी. त्यांनी पदर अगदी बरोबर धरला, घरी सराव झालेला दिसत होता. मग वहिनी. मी हळू आवाजात म्हटलं, "लावू ना?"

"विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "लाव."

मी लावलं. हळद, कुंकू, दोन्ही. ओटीत तांदूळ, खण, नारळ घातला आणि पुढे सरकले. पुढे अजून तीसेक बायका होत्या आणि दूध गार होत होतं.

हॉल एकदम जास्तच बोलायला लागला. मागच्या रांगेतल्या दोघी डोकं दुखतंय सांगून निघून गेल्या. दोघींचं एकाच वेळी दुखायला लागलं. अध्यक्षबाईंनी फोटोवाल्याला मोठ्या आवाजात सूचना दिल्या. मी रांगेच्या टोकाला पोचले तेव्हा दाराकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती. सासूबाई तिळगूळ न घेताच गेल्या होत्या.

वहिनींनीही ते बघितलं. त्या उठल्या नाहीत. मावशींना वाण कसं घ्यायचं ते दाखवत राहिल्या.

घरी सासूबाईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. रविवारीही नाही. वहिनींशी कामापुरतंही बोलत नव्हत्या, मीठ हवं असेल तर बरणीकडे बोट दाखवत. मावशींशी मात्र हातवारे करून गप्पा चालल्या होत्या, त्यांना काय कळत होतं कोण जाणे. रविवारी आम्ही पाहुण्यांना खडवलीला नदीवर नेलं. वहिनी आल्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. परतताना त्यांनी मला सांगितलं की बसल्याचा त्यांना पस्तावा नाही, फक्त घरात जेवण उतरत नाही. मी म्हटलं, वेळ द्या. हे मी सगळ्यांनाच सांगते, त्यामुळे त्याचा किती उपयोग होतो मला माहीत नाही.

सोमवारी पाहुण्या निघाल्या. विमानतळासाठी गाडी खाली येऊन थांबली होती. मी मावशींची बॅग आणायला समोर गेले. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात सासूबाई खाली विळीवर बसल्या होत्या आणि नारळ खोवत होत्या. बऱ्याच वर्षांत मी त्यांना विळीवर बघितलं नव्हतं, एकदा खाली बसल्या की त्यांना उठता येत नाही. वहिनी गॅसपाशी कढईत खोबरं आणि साखर ढवळत होत्या. मावशी वेलदोडे सोलत होत्या.

मी विचारलं, हे आत्ता कशाला, गाडी आलीय.

मावशींना ओटीतला नारळ विमानातून न्यायचा नव्हता, म्हणून त्या तो ठेवून जाणार होत्या, असं वहिनींनी सांगितलं. सकाळी सासूबाईंनी तो मागून घेतला, वड्या करून देते म्हणाल्या. गेल्या दोन दिवसांत वहिनींशी बोललेलं पहिलं वाक्य ते. मग त्या स्वतःच उठल्या, देवघरासमोर वहिनींनी ठेवलेला त्यांच्या ओटीतला नारळही उचलला आणि तोही फोडला.

सासूबाई विळीवरून मान वर न करता म्हणाल्या, "एकीचा फोडून एकीचा ठेवायचा कशाला? दोघींना एकदमच मिळालेत ना?"

वहिनी ढवळत राहिल्या. खाली गाडीवाल्याने हॉर्न दिला.

मी म्हटलं, अहो आजी, आता थापल्या तर घट्ट व्हायला वेळ कुठे आहे. त्यांनी मला डब्याला तूप लावायला लावलं. मिश्रण गरम गरमच डब्यात ओतलं, वहिनींनी वाटीच्या बुडाने सारखं केलं, झाकण घट्ट लावलं. डबा हाताला चटके देत होता, तो फडक्यात गुंडाळून मावशींच्या पिशवीत ठेवला. मावशींनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला, त्यांच्या पद्धतीने. सासूबाईंना उठता येत नव्हतं, त्यांनी बसल्या बसल्या हात वर केला. मग तोच हात वहिनींकडे केला, उठव म्हणून. वहिनींनी त्यांना दोन्ही हातांनी धरून उभं केलं.

मी बॅग घेऊन खाली आले. त्या तिघी मागून सावकाश लिफ्टने आल्या.