चेंबरखाली कणकेचा गोळा

गाडी चालवायची मी आणि तिचं ऑइल बदलायचं ह्यांनी, अशी आमच्या घरातली वाटणी. ऐरोलीहून महाप्याला कामावर रोज मीच गाडी घेऊन जाते. ऑइलची वेळ झाली की सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनी सतरंजी अंथरून गाडीखाली शिरायचे ते मात्र आमचे हे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात आयुष्य गेलेला माणूस. पुढची चाकं वर चढवायला तिथल्याच वेल्डरकडून दोन लोखंडी चढ करून आणलेले. गॅरेजचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. "आपल्या गाडीला आपलाच हात," म्हणायचे.

मग एकदा ट्रकच्या फाळक्यावरून उतरताना पाय घसरला आणि तोच हात गेला. उजवं मनगट मोडलं. आत प्लेट बसवली, हाड जुळलं, पण मुठीतला जोर काही परत आला नाही. बाजार सुटला, सुट्टीच्या दिवशी कधीमधी गाडी चालवायचे तेही सुटलं. बरणीचं झाकणसुद्धा न बोलता माझ्यापुढे धरायला लागले. मला ते बघवायचं नाही. मग मी उगाच बरणीवरच चिडायचे.

ऑइल बदलणं तेवढं उरलं होतं. गेल्या खेपेला इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरचा नट सोडवताना पाना तीनदा निसटला. बाहेर आले ते घामाघूम, आणि चार दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. म्हणून ह्या वेळी घरी पार्सल आलं तेव्हा काय ते मला उघडायच्या आधीच कळलं होतं. नटाच्या जागी बसवायचा पितळी व्हॉल्व्ह. बाजूची दांडी बोटानं फिरवली की ऑइल खाली. पाना नको, दर वेळी नवीन वॉशर नको, आटे झिजायची भीती नको.

"बघ, लहान मूलसुद्धा फिरवेल," हे खुशीत म्हणाले.

"म्हणजे गाडीला तोटी लावणार?" मी म्हटलं. "आणि ती खाली लोंबणार. एखाद्या स्पीडब्रेकरला तुटली, की ऑइल रस्त्यावर, इंजिन बसलेलं आणि मी भर ठाणे-बेलापूर रोडवर उभी! गाडी कोण चालवतं, तुम्ही की मी?"

"दीड बोट तर खाली येतो!"

"दीड बोट पुष्कळ झालं."

माझं तोंड फटकळ आहे, मला ठाऊक आहे. पण मी चुकीचं बोलत नव्हते. साधा नट चेंबरला चिकटून बसतो, त्याला रस्त्यावरचं काही लागत नाही. फक्त तो सोडवायला मनगट लागतं, आणि तेच ह्यांच्याकडे नव्हतं. व्हॉल्व्ह नाही तर गॅरेज, तिसरा रस्ता दोघांनाही दिसत नव्हता. गॅरेज म्हणजे ह्यांचं शेवटचं काम जाणार.

रविवारी सकाळी पुऱ्यांची कणीक मळताना मला सुचलं. घट्ट गोळा घेतला, व्हॉल्व्ह शेजारी ठेवून बरोबर तेवढाच लांब वळला आणि ह्यांच्या हातात दिला. "हा नटावर चिकटवा. गाडी फिरवून आणू. गोळा शाबूत राहिला तर तुमची तोटी बसवा, मी तोंडातून शब्द काढणार नाही."

"तू आणि शब्द काढणार नाहीस!" पण हे हसले. रॉकेलच्या फडक्यानं नट लख्ख पुसला, कणीक घट्ट दाबून बसवली आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

दिघ्याच्या गल्ल्यांमधून नेली, खड्डे चुकवले नाहीत. महाप्याला एमआयडीसीतल्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावरून नेली. दर थोड्या वेळानं हे उतरायचे, बॅटरी मारून खाली बघायचे आणि परत आले की चेहरा आणखी खुललेला. "जशीच्या तशी!" खरं सांगते, तोवर मलाही वाटायला लागलं होतं, बसू दे बाई ती तोटी एकदाची.

मग आलो सोसायटीच्या आत यायच्या गेटवर. तिथला स्पीडब्रेकर म्हणजे कमिटीनं उरलेल्या काँक्रीटचं घातलेलं टेंगूळ. तो फोडा म्हणून किती जणांनी अर्ज दिले, टेंगूळ तिथंच. मी हळू घेतली, तिरकी घेतली. काही आवाज आला नाही.

पार्किंगमध्ये गाडी चढावर घेतली, चाकांमागे दगड लावले. हे खाली शिरले. बराच वेळ बाहेर येईनात. आले तेव्हा गोळा तळहातावर होता. खालून साफ तासलेला, सिमेंटची कच रुतलेली.

"लागतोय," एवढंच म्हणाले.

अंगठ्यानं चेपून नीट केला असता तर मला काय कळणार होतं? पण केला नाही. मी जिंकले होते. हे व्हॉल्व्ह परत डब्यात घालत होते. डाव्या हातानं, सावकाश.

मला ते सहनच होईना. "पाना कुठाय?" मी ओरडलेच. "इंजिन गरम आहे तोवर ऑइल काढायचं असतं ना?"

"अगं, तुला नाही जमणार. फार घट्ट असतो तो."

"रोज दोन वेळा कणीक तिंबते मी. सरका!"

पदर खोचून सतरंजीवर आडवी झाले. हेही शेजारी येऊन आडवे झाले, सांगायला. पाना कसा धरायचा, कुठं ओढायचा, ऑइल अंगावर येऊ नये म्हणून हात कसा काढायचा. पहिल्या हिसक्यात नट सुटला. काळं ऑइल भसाभस टोपात आलं आणि "शाबास!" असं हे इतक्या जोरात ओरडले की वॉचमन धावत आला.

ऑइल गळून गेल्यावर नवीन वॉशर घालून नट लावला, आधी बोटांनी, मग पान्यानं. मी ओढला. आणखी ओढला. सुटायला नको म्हणून अंगातला सगळा जोर काढून आणखी एकदा ओढणार, तेवढ्यात माझ्या मुठीवर ह्यांचा हात आला. उजवा. प्लेट बसवलेला.

"बास," म्हणाले. "आता ओढलंस तर आटे जातील."

मी थांबले. हात तसाच होता. जोर नव्हता त्याच्यात, पण ऊब होती. माझे डोळे भरून आले आणि बरं झालं, गाडीखाली अंधार होता.

"पुढच्या वेळचं वॉशर मी आणून ठेवतो," हे म्हणाले.

"वॉशर आणा न आणा, हा हात आणा," मी म्हटलं. "मला कुठं थांबायचं ते कळत नाही."