मोंढ्यात काळा झालेला फळा

माझ्या साडूंइतका जुन्याचा धसका घेतलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. जुनं म्हणजे जुनी भांडणं किंवा जुने कपडे नव्हेत. पडद्यावरचा आकडा बदलला की आधीच्या आकड्याची जी पुसट सावली मागे राहते, तिचा हा धसका. साडू परतूरला घराच्या पुढच्या खोलीत ई-पेपरचे फलक बनवतात. हा पडदा टीव्हीसारखा डोळ्यांवर येत नाही, छापील कागदासारखा गप्प असतो. आत तेलासारख्या द्रवात काळे-पांढरे बारीक कण तरंगत असतात. विजेचा धक्का दिला की काळे वर येतात, उलटा दिला की पांढरे. धक्का केवढा द्यायचा, किती वेळ द्यायचा आणि कोणत्या क्रमाने, एवढ्याच विचारात या माणसाचे केस पांढरे झाले.

थंडीत कण सुस्तावतात, म्हणून सकाळी ते फलकाला बायकोची शाल गुंडाळून ठेवत आणि माझी मेहुणी बिचारी कुडकुडत चहा करी. एका बाजूला जेवढा धक्का दिला तेवढाच उलट बाजूला द्यायचा, नाहीतर पडदा कायमचा बिघडतो, हा त्यांचा धर्म. तो त्यांनी घरातही लावला. "वांगं झकास झालंय" म्हणून होतं न होतं तोच "भाकरी मात्र कडक हाय" आलंच. मी एकदा हटकलं तर म्हणाले, "साडूभाऊ, एकाच बाजूनं रेटत गेलं की माणूसबी खराब होतंय. बराबर शून्यावर आणावं लागतं." आणि सगळ्यात मोठं वेड म्हणजे पुसण्याचं. एक आकडा बदलायचा असला तरी आधी सगळा पडदा काळा, मग पांढरा, पुन्हा काळा, पुन्हा पांढरा, तेव्हा कुठे नवा आकडा. सावली औषधालाही राहता कामा नये.

गेल्या हिवाळ्यात मात्र पाणी गळ्याशी आलं. पुण्याच्या एका कंपनीने साडूंना नोकरी देऊ केली होती आणि एका ठरल्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. दुसरीकडे मोंढ्यातले, म्हणजे इथल्या धान्य-कापसाच्या बाजारातले, एक शेठ, राजस्थानातून कधीकाळी आलेल्या घराण्यातले कापसाचे व्यापारी, त्याच दिवशी कापसाचा दर दाखवणारा फलक लावून बघायला तयार झाले होते. नवराबायकोचं ठरलं की शेठनी फलक ठेवून घेतला तर परतूर, नाहीतर पुणे. मीही जालन्याहून गेलो. मेहुणी दुकानाच्या पायरीशी उभी होती. साडू फलकाच्या तारा जोडत होते.

फलक लागला. भाव स्वच्छ दिसला. आष्टीकडचे कापसाचे ट्रॅक्टर रांगेत होते. तेवढ्यात शेठनी भाव पन्नासने वाढवला आणि साडूंनी बटण दाबलं. पडदा काळाकुट्ट झाला.

आता मोंढ्याची रीत अशी, की भाव बदलताना फळ्यावरचा तेवढा आकडा बोटाने पुसतात. अख्खा फळा ओल्या फडक्याने पुसून काळाभोर केला, म्हणजे खरेदी बंद. हे परतुरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. साडूंनाही ठाऊक होतं, पण त्यांना फळा कुठे दिसत होता, त्यांना कण दिसत होते. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "शेठनं खरेदी बंद केली. चला मंग." आणि ट्रॅक्टर वळायला लागले. शेठ अनवाणीच रस्त्यावर धावले. परत आले ते लालबुंद होऊन. "साहेब, पुन्हा फळा काळा झाला तर जल्दी काढून न्या. माझं गिऱ्हाईक चाललं."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून त्यांनी काहीतरी फेरफार केला. पुढच्या वेळी नुसता आकडा बदलला, आणि मागे जुन्याची सावली राहिली. त्यांनी डोळेच मिटून घेतले. रांगेतला एक शेतकरी म्हणाला, "आधीचा भावबी दिसून राह्यलाय की. बरं हाय, वाढला का उतरला ते कळतंय."

पण दुपारपर्यंत सावल्यांवर सावल्या साचून फलक मळकट दिसायला लागला. साडू शेठपुढे उभे राहिले. "शेठ, एकदा पुरता पुसावाच लागंल. न्हाई तर पडदा बिघडंल."

"खरेदी चालू असताना बिलकुल न्हाई."

"मंग बंद कधी असती?"

"जेवणाच्या सुट्टीत."

सुट्टी झाली, फलक काळा झाला, आणि ट्रॅक्टरवरच्या माणसांनी मुकाट्याने भाकरीची फडकी सोडली. एकानेही चाक वळवलं नाही. शेठनी रांगेच्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाले, "राहू द्या इथंच."

साडू पायरीशी आले. मेहुणी "बरं झालं" म्हणाली आणि तिने पदर सारखा केला.

"तुला पुण्याला जायचं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"होतं," ती म्हणाली. "लई होतं."

मग तीच म्हणाली, "आता दुपारचं जेवायला तरी घरी येत जा." मी उगाच ट्रॅक्टरकडे बघत राहिलो.

परवा परतूरला गेलो तेव्हा आम्ही तिघे दुपारी जेवत होतो. मेहुणीने सहज विचारावं तसं विचारलं, "दाजी, पुण्यात आता थंडी पडली असंल का हो?" साडू ऐकत होते. त्यांनी तिच्या ताटात भाजी वाढली.