प्लांटमध्ये जागा आहे का?

शेजारच्या घरात डिग्री आली की किस्से आपोआप साचतात, टाकीच्या तळाला गाळ साचावा तसे. सातपूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये जाधवांची सायली केमिकल इंजिनिअर झाली, तेव्हापासून माझ्याकडे साठा आहे. माझं शिक्षण दहावी, पण कान पदवीधर!

*

निकालाचे पेढे घेऊन आली तेव्हा मी कौतुकाने म्हटलं, "बरं झालं बाई, आता फिनाईल घरचंच!" बिचारी हसली. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरचे नाना तिला बाथरूमच्या फरशीचे डाग दाखवायला घेऊन गेले.

*

पहिला इंटरव्ह्यू. साहेब म्हणाला, "मॅडम, प्लांटवर नाईट शिफ्ट असते."

"मी करेन, सर."

"तुम्ही कराल हो! पण प्लांटवर लेडीज टॉयलेट नाहीये."

*

दुसऱ्या ठिकाणी अनुभव मागितला. हिने विचारलं, "अनुभव कुठे मिळतो, सर?"

साहेब शांतपणे म्हणाला, "कंपनीत."

*

तिच्या मैत्रिणींपैकी एक बँकेच्या परीक्षा देते, एक पुण्यात कॉम्प्युटरवर बसते, एकीने केकचं दुकान काढलं. मी म्हटलं, "अगं, चार वर्षं शिकून केक?"

"काकू, आमच्या अख्ख्या बॅचमध्ये रिॲक्टर तिच्याकडेच आहे. ओव्हन!"

मी हसले. ती नाही हसली.

*

शेवटी जाधवभाऊ म्हणाले, "दिवाळीपर्यंत प्लांटची नोकरी, नाहीतर लग्न." दिवाळी गेली. नाशिक रोडचं स्थळ आलं. मुलगाही केमिकल इंजिनिअर, प्लांटमध्ये परमनंट! सायली लगेच तयार. मला हळूच म्हणाली, "काकू, लग्नाचं नंतर बघू. व्हॅकन्सी तरी विचारते."

पोहे झाले, दोघांना गॅलरीत पाठवलं. आमची गॅलरी लागूनच. मी कपडे वाळत घालत होते, वाळलेलेच.

सायलीने विचारलंच, "तुमच्या प्लांटमध्ये जागा आहे का?"

मुलगा खाली बघत म्हणाला, "माझीच गेली. गणपतीच्या आधीच. घरी सांगितलं नाही अजून. रोज डबा घेऊन निघतो."

आतून तिच्या आईचा आवाज आला, "किती रमलीत बघा! जमलं म्हणायचं. अहो, पेढे आणा."

सायलीने गॅलरीचं दार ओढून घेतलं. मग अगदी हळू म्हणाली, "मग दिवसभर बसता कुठे?"