आक्कावरची सात तळी

हिल्या या नावाचा अर्थ आमच्याकडे ‘शांत’ असा होतो. नाव ठेवताना तिच्या आईबापांनी थोडी घाई केली, एवढंच मी म्हणेन. फिनलंडच्या या वरच्या टोकाला पाहुणे येतात ते शांततेसाठी, आणि आमच्या लॉजवर पहिल्या सकाळी त्यांच्या कानावर पडतो तो हिल्याचा आवाज.

“उठा! लापशी घट्ट झाली तर मी तिनं भिंतीतल्या फटी बुजवीन!”

लॉज तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे. तिथवर रस्ता नाही. पाहुण्यांना बोटीतून आणायचं, लाकडं फोडायची, सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवायची ही कामं माझी. स्वयंपाकघर हिल्याचं. यार्को मालक आहे, पण मालकीपलीकडे त्याचं फारसं काही चालत नाही. त्याच्या वडिलांच्या काळात लोक मासे धरायला यायचे आणि दिवसभर बोटीत पेंगायचे. यार्कोनं ओळखलं, की आताच्या लोकांना घाम गाळायची हौस असते आणि त्यासाठी ते पैसेही मोजतात. त्यानं जाड चाकांच्या सायकली आणल्या, कयाक म्हणतात त्या निमुळत्या होड्या आणल्या आणि मागच्या डोंगरावर चढायचा कार्यक्रम ठेवला. त्या डोंगराचं नाव आक्का, म्हणजे म्हातारी.

हिल्याला हे सगळंच खुळेपणाचं वाटायचं. “येताना हातात मासा नाही, बेरी नाही, सरपण नाही. मग गेलात कशाला?” असं ती पाहुण्यांच्या तोंडावर विचारायची. पण आक्काची गोष्ट वेगळी होती. आक्कावर निघालेल्यांना ती दारात अडवायची आणि हातातला सुपाचा डाव नाचवत सांगायची, “वर एक दुभंगलेला खडक आहे. त्याच्याशी उभे राहा, वाऱ्याकडे पाठ करा आणि मोजा. सात तळी दिसतात. पहिलं आपलं. दुसरं लांबट, पावाच्या सुरीसारखं. तिसरं मूत्रपिंडासारखं. आणि सातवं पार लांब, चिमटीत मावेल एवढं, पण निळंशार!”

संध्याकाळी सूप वाढायच्या आधी ती प्रत्येकाला विचारायची, “किती?”

“सात!” असं म्हटलं की वाडग्यात डाव रिकामा व्हायचा. हेलसिंकीच्या एका बँकवाल्यानं एकदा “सहा तर नक्कीच” असं म्हटलं. त्याच्या वाट्याला माशाचा असा तुकडा आला, की बिचारा जेवण संपेपर्यंत तोंडातून काटेच काढत होता. पुढे यार्कोनं ती सात तळी माहितीपत्रकातही छापली.

हिल्या स्वतः कधी आक्कावर गेलेली नव्हती. तिला कधी कोणी विचारलंही नाही. तळ्यांची माहिती तिला आर्मासनं, तिच्या नवऱ्यानं दिली होती. तो तरुणपणी रेनडिअर राखायचा, त्या भागात भटकायचा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मग एका जुलैमध्ये माझ्या बोटीतून सिर्का आली. पार दक्षिणेच्या तुर्कू शहरातली, दातांची निवृत्त डॉक्टर. आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला लावून आत काय सडलंय ते सांगायची सवय. ती सवय काही निवृत्त झाली नव्हती. बोटीतून उतरायच्या आधीच तिनं मला सांगितलं, “तुमची वरची दाढ गेलेली आहे.” दाढ माझी, आणि गेलेलीही होती.

दुसऱ्याच दिवशी ती आक्कावर जाऊन आली. संध्याकाळी हिल्या तिच्यापाशी थांबली.

“किती?”

“तीन,” सिर्का म्हणाली.

डाव हवेतच राहिला. हिल्या सगळ्यांनाच अगं-अरे करते. ती म्हणाली, “ढग असतील, गं.”

“आभाळ स्वच्छ होतं.”

“वाऱ्याकडे पाठ केली होतीस?”

“वारा कुठला? डास होते. त्यांच्याकडे पाठ करून उपयोग होत नाही, ते सगळीकडून येतात. तीन तळी आणि एक दलदल. दलदलीला तळं म्हणायचं असेल तर साडेतीन.”

हिल्यानं शेजारच्या टेबलाकडे मोर्चा वळवला. तिथे ताम्पेरेचं एक जोडपं बसलं होतं, दोघंही शाळेत कसरत शिकवणारे. आदल्याच दिवशी त्यांनी खणखणीत आवाजात ‘सात’ सांगितलं होतं.

“सांगा हिला!”

नवऱ्यानं मान खाली घातली आणि उरलेली चार तळी सुपात सापडतात का ते बघू लागला. बायको म्हणाली, “आम्ही मोजताना जरा गप्पा मारत होतो...”

कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला, “मी तीन मोजली. बाकीची विश्वासावर घेतली.”

सिर्कानं चमचा खाली ठेवला. “तुम्ही स्वतः शेवटच्या कधी गेला होतात वर?”

“मला कुठला वेळ?”

“म्हणजे कधीच नाही?”

“चंद्रावरसुद्धा नाही गेले मी! पण आहे ना तो?”

“आहे. आणि सगळे सांगतात, एकच आहे. सात आहेत असं कोणी म्हणत नाही.”

कोणीतरी फिसकन हसलं. हिल्यानं एप्रन सोडला आणि सिर्काच्या टेबलावर आपटला. “उद्या. तू आणि मी.”

यार्को धावत आला. “अगं हिल्या, पण जेवणाचं काय?”

“सूप चुलीवर ठेवून जाईन. तू फक्त ढवळत राहा. तेवढं जमेल ना तुला?”

सकाळी हिल्या तयार झाली. पायात आर्मासचे रबरी बूट. मोठे व्हायचे म्हणून पुढे वर्तमानपत्रं कोंबलेली. पाठीवरच्या पिशवीत कॉफीची किटली, दालचिनीचे बन, काळा पाव आणि धुरावलेला मासा. “उपाशी माणसाला तळीसुद्धा कमी दिसतात,” ती सिर्काकडे बघून म्हणाली. सिर्काच्या हातात चालायच्या दोन काठ्या होत्या. “बर्फ कुठंय? घसरायच्या काठ्या कसल्या घेतेस?” हिल्यानं विचारलं.

सगळे पाहुणे मागोमाग निघाले. यार्कोच्या त्या उन्हाळ्यातल्या दुसऱ्या कुठल्याच कार्यक्रमाला एवढी गर्दी झाली नव्हती. हिल्याला असेल त्या अवस्थेत खाली आणायची जबाबदारी माझ्यावर टाकली होती, म्हणून मीही होतो.

पहिल्या चढावरच हिल्यानं सिर्काची एक काठी मागून घेतली. दुसऱ्या चढावर न मागता दुसरी घेतली. मग दलदल लागली आणि हिल्या बसलीच. दमली म्हणून नव्हे. बेरी पिकल्या होत्या. सोनेरी, टपोऱ्या.

“आपण तळी मोजायला निघालोय,” सिर्का म्हणाली.

“तळी काय पळून जातायत? या मात्र उद्या अस्वल खाईल.”

सिर्का थोडा वेळ घड्याळाकडे बघत उभी राहिली. मग तिनं डोक्यावरची टोपी काढली आणि तीही वेचायला लागली. वेचता वेचता दोघींचं बोलणं नवऱ्यांवर आलं. सिर्काचा नवरा म्हणे लग्नाआधी सांगायचा, मी व्हायोलिन वाजवतो. “मग?” हिल्यानं विचारलं. “व्हायोलिन होतं त्याच्याकडे,” सिर्का म्हणाली.

माथ्यावर पोचेपर्यंत हिल्याचा चेहरा बिटासारखा झाला होता. दुभंगलेला खडक होता तिथेच होता. त्या दिवशी वाराही होता. हिल्यानं त्याच्याकडे पाठ केली आणि बोटानं मोजायला सुरुवात केली. पहिलं आपलं. दुसरं लांबट, हुबेहूब सुरीसारखं. तिसरं, खरंच, मूत्रपिंडासारखं. मग बोट पुढे सरकलं आणि नुसतंच सरकत राहिलं. दलदल. जंगल. जंगल. त्याच्या मागे जंगल. तिनं उलट्या बाजूनं मोजून पाहिलं. डोळे पुसून पाहिलं.

हिल्याला एवढा वेळ गप्प मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“आर्मास!” ती एकदम ओरडली. लांब उतारावर चरणाऱ्या रेनडिअरनी माना वर केल्या. “खोटारड्या!”

मग आमच्याकडे वळून म्हणाली, “मला म्हणाला होता, लग्नाला हो म्हण, मी तुला सात तळी दाखवतो. मी हो म्हटलं. मग पोरं झाली, गाई आल्या, लॉज आलं. मी कधीही म्हटलं, चल रे, आज जाऊ, की याचा गुडघा दुखायचा! दर वेळी! डाव्याला मलम लावलं तर उजवा दुखायचा!”

तिला हसू यायला लागलं. हसता हसता ती खडकाला टेकून खाली बसली. “गेला बिचारा. मी एक दिवस इथवर चढेन या धास्तीनंच गेला असणार.”

सिर्का तिच्या शेजारी बसली आणि तिनं एक बन पुढे केला. हिल्यानं डोळे पुसले. हसण्याचं पाणी होतं की दुसरं, ते मी बघितलं नाही. माणसानं काही गोष्टी बघू नयेत. थोड्या वेळानं तिनं खाली बोट दाखवलं. आमचं लॉज काठावर काडेपेटीएवढं दिसत होतं.

“केवढंसं आहे गं,” ती म्हणाली. “आणि एवढ्याशा घरात मी इतकी वर्षं एवढ्या मोठ्यानं ओरडतेय?”

“तुर्कूपर्यंत ऐकू येत होतं,” सिर्का म्हणाली. “म्हणून तर आले.”

खाली आलो तेव्हा यार्को चुलीपाशी घामाघूम उभा होता. सांगितल्याप्रमाणे त्यानं ढवळलं होतं. इतकं मन लावून, की मासा, बटाटा, कांदा यांतलं काहीच वेगळं ओळखू येत नव्हतं. आम्ही ते पावाला लावून खाल्लं. “आणि माहितीपत्रकाचं काय करू?” त्यानं हिल्याला विचारलं.

“तीन लिही. नाहीतरी हे लोक डासांना मारत असतात, मोजतंय कोण?”

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजवर कधी नव्हे ती शांतता होती. हिल्याचे पाय लाकडाचे झाले होते. तिला पलंगावरून उतरता येईना. स्वयंपाकघरात सिर्का शिरली. थोड्याच वेळात भिंतीपलीकडून आवाज यायला लागला.

“शेपू आत्ताच नको घालूस! शेवटी!”

“घातली!”

“काढ मग!”

“हिल्या, शेपू काही दात नाही उपटून काढायला!”

सिर्काचा स्वयंपाक भयंकर होता. पाहुण्यांनी मुकाट्यानं खाल्ला. तिनं त्यांच्यासमोर बसून कोण नीट चावतं आणि कोण नाही ते सांगितलं, तेव्हा तर दुसऱ्यांदाही घेतला. तिची सुट्टी संपली त्या दिवशी मी बोट लावून वाट बघत बसलो. ती आलीच नाही. वर जाऊन पाहिलं तर दोघी बेरींचा मुरांबा करत होत्या आणि साखर किती घालायची यावरून भांडत होत्या. “डॉक्टर साखर घालू देत नाही,” हिल्यानं माझ्याकडे तक्रार केली. सिर्का पानं पिवळी पडेपर्यंत राहिली आणि आता दर जूनमध्ये येते.

या उन्हाळ्यात दोघींनी यार्कोची दोन माणसांची कयाक काढली. पुढे बसणाऱ्यानं वल्हवायचं आणि मागच्यानं दिशा धरायची, हे यार्कोनं समजावून सांगितलं होतं. पण दिशा दोघींनाही धरायची होती. कयाक तळ्याच्या मधोमध गोल गोल फिरत राहिली.

“डावीकडे, हिल्या!”

“डावीकडेच वळवतेय! तूच उजवीकडे ओढतेस!”

यार्को धक्क्यावर येऊन म्हणाला, “ओन्नी, बोट काढ ना. आण त्यांना.”

मी बोट काढली नाही. सौना तापायला अजून वेळ होता, आणि त्यांचं भांडण आत्ता कुठे रंगात आलं होतं.